केसांची पोती

तीस वर्षं मी या बेटावर डोकी भादरतोय.
संध्याकाळी केस दाराबाहेर लोटायचे,
वारा नेईल तिकडे.
त्यांचं वजन कधी कुणी विचारलं नाही.

मग पुंता सालोंगच्या पुढे ते जहाज बुडालं.
पहिल्या दिवशी नुसता वास.
दुसऱ्या दिवशी नेमेसियोचं जाळं वर आलं
ओल्या डांबरासारखं,
त्यात एक खेकडा आपले डोळे पुसत होता
काळ्याच नांग्यांनी.

तिसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली, रिकामी पोती घेऊन.
म्हणाली, केस द्या. केस तेल पितात.
मी हसलो.
न्हाव्याला हे सांगायला लाँच करून आला होता तुम्ही?

अख्खं बेट माझ्या खुर्चीपुढे रांगेत.
शाळेतल्या पोरी वेण्यांना घट्ट रबर लावून आल्या,
पलीकडच्या तुरुंगातून दोन पोती आली,
वर शिक्का, आत उवा.
फादर एल्पिदियो, डोकं तुळतुळीत,
दारातूनच माफी मागून गेले.
फेलिसितास म्हणाली, कंबरेखालचे घे,
वरचे राहू दे.
तो आला तर ओळखायला हवा मला.
अकरा वर्षं झाली त्याची होडी जाऊन.
मी कात्री कंबरेपाशी धरली
आणि अंदाजापेक्षा चार बोटं खालीच चालवली.

बायकांचे जुने लांब मोजे,
त्यांत केस ठासून भरले,
खारफुटीच्या मुळांना बांधून सोडले पाण्यात.
विद्यापीठातून आलेली मुलगी म्हणाली,
आधी साबणाने धुवा,
खोबरेल मुरलेले केस आणखी तेल घेत नाहीत.
आमच्या बायकांचे केस तर
जन्मापासून पोट भरलेले.
मग अंगणात बादल्या मांडून
कापलेल्या केसांना न्हाऊ घातलं आम्ही,
डोकं नसलेल्या केसांना.

बोळे वाहणारी पंपबोट डिझेलवर.
ती गेली की पाण्यावर
इंद्रधनुष्याची एक पातळ साय रांगत राहायची.
रुफिनोने ती पाहिली. माझा मेहुणा,
तोंडाने कमी, पान्याने जास्त बोलणारा.
म्हणाला, समुद्रातलं तेल काढायला
समुद्रात तेल सांडत जायचं,
हा हिशेब कुणी मांडला?

त्याच्या बहिणीच्या घाण्यावरचं खोबरेल
त्याने फडक्यातून गाळलं, तापवलं,
जुन्या इंजिनात ओतलं.
इंजिन खोकलं, थुंकलं,
आणि धूर आला तो
माझ्या आईच्या डोक्याच्या वासाचा.
किनाऱ्यावरच्या बायका गप्पच झाल्या.
पहिल्या खडकापर्यंत पोचला. दुसऱ्यापर्यंत नाही.
वल्हवत परत आला तेव्हा पोरं ओरडत होती,
रुफिनो, आता मासळी समुद्रातच तळ!

डिसेंबरच्या पहाटे तेल थिजतं.
म्हणून तो बाटली शर्टात घालून झोपतो,
छातीशी, तान्ह्या बाळासारखी.
बायको चिडते.
एक नारळ, अर्धी वाटी तेल,
अर्ध्या वाटीत किती वाव पाणी कापता येतं
ते तो माझ्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवतो,
आणि मी पुसत नाही.
बेरीज जुळत नाही अजून.
सगळ्या बेटाच्या होड्या चालवायच्या
तर चटणीला नारळ उरणार नाही,
हे त्यानेच लिहिलंय, सगळ्यात खाली,
आणि त्याच्याखाली: ऊन? वारा?
आणि त्याच्याखाली एक शीड,
आमच्या आजोबांच्या होडीला होतं तसं,
वाकडं काढलेलं.

परवा भरतीने एक बोळा परत आणून टाकला.
काळा, दगडाएवढा जड.
मी मोजा फाडला.
आत एका वेणीचं रबर होतं,
गुलाबी, अजून ताणलं जाणारं.

आता मी केस बाहेर लोटत नाही.
दारामागे पोतं आहे, निम्मं भरलेलं.
गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला?
मी म्हणतो, मान सरळ ठेव.